गावनकाशाची गोधडी

खारवेळीत चूल पेटणारी घरं त्रेचाळीस, आणि ठमाबाईला त्रेचाळीसही घरांची चिंधी हवी होती. बेचाळीस मिळाल्या होत्या. राहिलं होतं ते तलाठ्याचं.

गावची रीत जुनी होती. लेकीच्या बाळासाठी आजीने गोधडी शिवायची ती घराघरातून मागून आणलेल्या चिंध्यांची. ज्याची चिंधी गोधडीत, त्याची नजर बाळाला लागत नाही. आपणच नेसलेल्या कापडाला कोण दृष्ट लावणार? एक घर सुटलं की तेवढी एक नजर मोकळी राहिली. पाचवीच्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, बाळाला त्या गोधडीवर निजवायचं. मग सटवाई येते आणि काय लिहायचं ते लिहिते.

केसरसाठी ठमाबाई ही गोधडी तिसऱ्यांदा शिवत होती. दोनदा पाळणा बांधला होता, दोनदा सोडला होता. त्या दोन्ही गोधड्या बेचाळीस घरांच्या होत्या. तलाठी परगावचा, चावडीमागच्या खोलीत एकटा राहणारा, आणि तो स्टोव्हवर रांधायचा. स्टोव्ह म्हणजे काही चूल नव्हे, म्हणून ठमाबाईने त्याला दोन्ही वेळा धरलं नव्हतं. सत्तावन्न साली, कार्तिकात, केसर दिवेआगरहून सातव्या महिन्याची माहेरी आली तेव्हा तिने या मुद्द्याचा पुन्हा विचार केला. स्टोव्हवर भात शिजतो. भात शिजतो तिथं माणूस जेवतो. आणि जेवतं माणूस नजर लावू शकतं.

ती चावडीवर गेली.

"भाऊसाहेब, एक चिंधी द्या."

तलाठी शिवदास भाऊसाहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. "बाई, माझ्याकडे दोन धोतरं नि दोन सदरे. निम्मे अंगावर, निम्मे दोरीवर. त्यातलं काय फाडू?"

"फाडू नका. फाटलेलं द्या."

"फाटलेलंच घातलंय."

ते खरं होतं. पण ठमाबाई आठ दिवस रोज गेली. सकाळी मासळी वाळत घातली की चावडीच्या पायरीवर येऊन बसायची आणि भाऊसाहेबांच्या धोतराकडे बघायची. नवव्या दिवशी त्यांचा धीर सुटला. त्यांनी कपाटाच्या खालच्या फळीवर हात घातला आणि वाळवीने खाल्लेल्या दप्तरांमागून कापडाची एक सुरळी ओढून तिच्या हातात दिली. कापड खळीने खडखडीत झालं होतं, त्याला रॉकेलचा वास येत होता. वरची बाजू कोरी होती, म्हणून त्यांनी ते उलगडून पाहिलं नाही.

ठमाबाईने घरी येऊन उलगडलं. आतल्या बाजूला निळ्या-तांबड्या रेघा होत्या, बारीक आकडे होते. तिचा नवरा गुणाजी जाळं शिवत बसला होता, त्याने मान तिरकी करून पाहिलं.

"ह्या रेघा कसल्या गं?"

"कुनीतरी पोराच्या हातात दौत दिली असंल."

तिने ते कापड सोडा घालून तीनदा उकळलं आणि दगडावर आपटलं. खळ गेली आणि आतून सायीसारखं मऊ कापड निघालं. असली मलमल तिने जन्मात हातात धरली नव्हती. रेघा फिकट झाल्या, पण गेल्या नाहीत. बाळाला काही रेघा टोचत नाहीत, असं म्हणून तिने त्याचे चोवीस चौकोन कापले.

वीस गोधडीत बसले. कोणता कुठे, याला तिच्या लेखी एकच नियम होता: पांढऱ्याशेजारी पांढरं येता कामा नये. म्हणून एक पांढरा चौकोन, मग चंद्राबाईच्या लुगड्याचा लाल फुलांचा, मग पांढरा, मग गुणाजीच्या जुन्या शिडाचा, मग पांढरा, मग काळूराम कोतवालाच्या मुंडाशाचा हिरवा. मधोमध तिने केसरच्या स्वतःच्या झबल्याचा पिवळा तुकडा लावला. उरलेले चार पांढरे चौकोन टाकवेनात. एकाची सुंठ बांधायला पुरचुंडी झाली, एक गुणाजीच्या टोपीच्या आत अस्तर म्हणून गेला, एक चुलीवरचं भांडं उतरवायला झाला. आणि एक तिने लाल फुलांच्या बदल्यात चंद्राबाईला दिला. चंद्राबाई डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकायची. तिने त्याची चुंबळ केली.

धावदोऱ्याचा शेवटचा टाका घालून ठमाबाईने गोधडी धुतली आणि दोन माडांच्या मधे दोरीवर घातली, त्याच दिवशी मोजणीचे साहेब गावात आले.

संस्थान खालसा होऊन नऊ वर्षं झाली होती आणि आता कुठे सरकारला खारवेळी नव्याने मोजायची सवड झाली होती. साहेबांबरोबर लोखंडी साखळी होती, झेंडे होते, तीन पायांचं टेबल होतं. त्यांनी चावडीवर पाऊल ठेवताच जुना गावनकाशा मागितला. शिवदास भाऊसाहेबांनी कपाट उघडलं, खालच्या फळीवर हात फिरवला, आणि त्यांना एकदम सगळं आठवलं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"आहे, साहेब. जरा... हात धुऊन घ्या."

साहेब हात धुवायला विहिरीकडे निघाले. वाटेत ते थबकले. समोर दोन माडांच्या मधे सर्व्हे नंबर सतरा वाऱ्यावर फडफडत होता.

साहेब आयुष्यात कधी ओरडले नव्हते. त्यांनी चष्मा पुसला, जवळ जाऊन गोधडी दोन्ही बाजूंनी पाहिली, आणि मागे धापा टाकत आलेल्या भाऊसाहेबांना म्हणाले, "नकाशा हरवला आहे असं लिहावं लागेल."

हरवला म्हणजे भाऊसाहेबांची नोकरी गेली. "हरवला कसा, साहेब? आहे की. फक्त शिवला गेलाय."

साहेबांनी यावर बराच विचार केला. मुद्द्यात तथ्य होतं.

ठमाबाई धावत आली. "अवो सायेब, ती माझ्या नातवाची गोधडी हाय!"

"नातू कुठे आहे?"

"अजून यायचा हाय."

"मग घाई नाही," म्हणून साहेबांनी वाळलेली गोधडी दोरीवरून काढली, गुंडाळली आणि काखेत मारली.

"मंग उसवून तुमचं तुकडं न्या नि माझं मला द्या!"

"अभिलेख उसवता येत नाही, बाई. उसवणं ही खाडाखोड झाली. जैसे थे ठेवावा लागतो."

गोधडीच्या कोपऱ्यावर जांभळा शिक्का बसला आणि ती चावडीत साहेबांच्या टेबलावर पसरली गेली. दुसऱ्या दिवसापासून तिच्याबरहुकूम मोजणी सुरू झाली.

पहिला फटका कोंडाजीला बसला. त्याची खारजमीन गावात सगळ्यात मोठी, आणि गोधडीत ती तीन ठिकाणी गेली होती: एक तुकडा देवळाला लागून, एक थेट समुद्रात, एक डोंगरावर. खाडी डोंगरावरून उगम पावत होती, कोंडाजीच्या गोठ्यापाशी काटकोनात वळत होती आणि काठाच्या शिवणीत नाहीशी होत होती. देऊळ उलटं होतं.

"शिवणीत किती गेलं?" साहेबांनी ठमाबाईला बोलावून विचारलं.

"दोन बोटं. तेवडं दुमडावंच लागतं, न्हाय तर धागं सुटतात."

साहेबांनी पट्टीने दोन बोटं मोजली, प्रमाणाने गुणलं आणि वहीत लिहिलं की गावची किनारपट्टी काठात दुमडली गेली असून तीवरील अकरा होड्यांना तूर्त जागा नाही.

पांढऱ्या चौकोनांच्या मधल्या रंगीत चौकोनांचं काय, हा प्रश्न होता. जमीन कोरी सोडता येत नाही. साहेबांनी निकाल दिला की ज्याचं कापड, त्याचा भोगवटा. त्यामुळे जिच्या नावावर आजवर तुळशीवृंदावनापुरतीही जागा नव्हती ती चंद्राबाई, कोंडाजीच्या शेताच्या दोन तुकड्यांमधे लाल फुलांच्या चौकोनाची मालकीण झाली. दुपारी ती तिथे बोंबील वाळत घालताना दिसली.

"माझ्या शेतात बोंबील?" कोंडाजी बांधावर उभा राहून नाचला.

"तुज्या न्हाय, माज्या लुगड्यात," चंद्राबाई म्हणाली. "तुजं शेत समुद्रात गेलंय. जा, पोहून ये."

आठवड्यात गावातली माणसं चिंध्या घेऊन चावडीसमोर रांग लावू लागली. आमचाही एक तुकडा लावा, थोडा मोठा लावा, देवळाशेजारी लावा. बेचाळीस घरांतून ज्या चिंधीसाठी ठमाबाईला पायऱ्या झिजवाव्या लागल्या होत्या, त्याच घरांतून आता चांगली धोतरं फाडली जात होती. साहेबांनी एकही घेतलं नाही. पण चार चौकोन कमी भरत होते, ते त्यांनी शोधून काढले. पुरचुंडी, भांड्याचं फडकं आणि गुणाजीच्या टोपीचं अस्तर जप्त झालं. चौथ्यासाठी ते स्वतः रस्त्यावर उभे राहिले.

"बाई, थांबा. तुमच्या डोक्यावर सर्व्हे नंबर एक ते नऊ आहेत."

चंद्राबाईने पाटी उतरवली नाही. "बाजारला चाललेय मी. संध्याकाळी आनते माघारी."

"गावाचा उत्तर भाग असा गावाबाहेर नेता येणार नाही."

"रोजच नेते की. कालच श्रीवर्धनापातूर जाऊन आला."

या गडबडीत केसर बाळंत झाली. मुलगा झाला, किरकोळ होता, पण आवाज खणखणीत होता. ठमाबाईने त्याला धुऊन पुसून गुणाजीच्या जुन्या धोतरात गुंडाळलं आणि तशीच चावडीवर गेली.

"सायेब, नातू आला. आता घाई हाय."

"अभिनंदन. नियम तोच आहे."

"पाचवीपुरती द्या. एक दिवस. परत आनून देते."

"नकाशा अर्जाशिवाय चावडीबाहेर जात नाही."

ती घरी आली. केसर भिंतीला टेकून बसली होती. बाळ छातीशी होतं आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. मागच्या दोन्ही वेळा ती पहिल्या दिवसापासून बघत बसली होती. या वेळी तिने ठरवलं होतं की पाचवी झाल्याशिवाय जीव लावायचा नाही.

"आये, दिली का गं?"

"देतील."

"कवा?"

ठमाबाईने पदर कंबरेला खोचला. ती मागच्या दारी गेली, तिथे काळूराम कोतवाल पाणी प्यायला आला होता. काळूराम चौथीपर्यंत शिकलेला, आणि दिसेल ते मोठ्याने वाचायची त्याला खोड होती. साहेबांनी चावडीच्या भिंतीला लावलेला नकाशे जतन करण्याच्या नियमांचा कागद त्याला आठ दिवसांत पाठ झाला होता.

"काळूराम, ते नियम सांग."

"सगळे?"

"सगळे. सावकाश."

काळूरामने लोटा खाली ठेवला आणि आरतीच्या चालीवर सुरुवात केली. नकाशावर दिवा ठेवू नये. नकाशाला घडी घालू नये. नऊ नंबरच्या नियमाशी ठमाबाईने त्याला थांबवलं. जागेवरील मोजणीचा अर्ज आल्यास अधिकाऱ्याने नकाशा जागेवर न्यावा आणि सपाट भुईवर पसरावा. तिने तो दोनदा म्हणायला लावला. मग बाराव्याशी पुन्हा थांबवलं. भिजलेला नकाशा पूर्ण वाळल्याशिवाय दप्तरात घेऊ नये.

"हेच दोन," ती म्हणाली. "आता अर्ज लिही."

अर्ज पाचवीच्या दिवशी सकाळी चावडीवर पोचला. अर्जदार ठमाबाई गुणाजी, मधल्या पिवळ्या चौकोनाची भोगवटदार, हिला सदर चौकोन जागेवर मोजून मिळावा. साहेबांनी तो तीन वेळा वाचला. त्यात त्यांना चूक सापडली नाही. पिवळा चौकोन ज्या घरच्या कापडाचा, त्या घराच्या ताब्यातली जागा ती; कापड अर्जदाराच्या घरचं; म्हणजे पिवळा चौकोन म्हणजे तिचं घर. दुपारी साखळी, झेंडे, टेबल आणि गोधडी अशी मिरवणूक निघाली. कोंडाजी भांडायला मागोमाग आला, चंद्राबाई बघायला आली.

पडवी उतरती होती. अंगणात माडांची मुळं होती. माजघरात भाताच्या कणग्या होत्या.

"सपाट भुई कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"बाळंतिनीच्या खोलीत. सकाळीच सारवलीय."

"अगं, पुरुष मानसं तितं?" चंद्राबाई म्हणाली. "सोयर हाय!"

"सरकारी कामाला सोयर नाही," साहेब म्हणाले आणि चपला काढून आत गेले. केसर लुगड्याच्या आडोशामागे सरकली. काळूरामने सारवलेल्या भुईवर गोधडी पसरली, साहेबांनी होकायंत्र ठेवून तिची उत्तर दिशा नीट लावली. बाहेर ऊन माडांच्या बुंध्यांवर उतरलं होतं. सूर्य बुडायला फार वेळ नव्हता.

साहेबांनी पंचनाम्याचा कागद घेतला. "पिवळा चौकोन. ताबा कुणाचा?"

ठमाबाईने आडोशामागे हात घातला, केसरच्या कुशीतून बाळ उचललं आणि पिवळ्या चौकोनावर निजवलं. "ह्याचा."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "नाव?"

"बाराव्याला ठेवायचं हाय."

"नाव नाही, तर ताबा सिद्ध कसा होणार?"

बाळाला केसरने नुकतंच पाजलं होतं. त्याने दोन्ही पाय पोटाशी घेतले, छताकडे टक लावली, आणि एक बारीक, सरळ धार वर जाऊन पिवळ्या चौकोनावर पडली. तिथून ओल पांढऱ्या चौकोनात उतरली.

"केला बघा सिद्ध," चंद्राबाई म्हणाली.

"माझं शेत!" कोंडाजी ओरडला. "माझ्या शेतात पानी शिरलं!"

साहेबांचा टाक हवेतच थांबला. शिक्क्याची जांभळी शाई पसरत होती. काळूरामने कोणी न विचारता बारावा नियम मोठ्याने म्हटला.

"मला ठाऊक आहे," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. नियम आठवल्याचं समाधानच होतं. त्यांनी लिहिलं: नकाशा ओला. वाळेपर्यंत जागेवर. कोतवालाने रोज तपासून नोंद करावी.

ते गेल्यावर ठमाबाई बाळाशेजारी खाली बसली. आडोसा बाजूला सरकला. केसर बाहेर आली, गुडघ्यांवर बसली आणि त्रेचाळीस घरांच्या कापडावर हातपाय झाडणाऱ्या पोराकडे पहिल्यांदा नीट बघू लागली. खिडकीतून शेवटचं ऊन येत होतं.

"मुद्दाम पाजायला सांगितलंस ना गं तिला?" चंद्राबाईने दारातून विचारलं.

"पोराला काय नियम ठाऊक असतात?" ठमाबाई म्हणाली.

काळूराम रोज सकाळी वही घेऊन येई, गोधडीला हात लावी आणि लिही: ओला. ते रोजच खरं होतं. महिनाभर वाट पाहून साहेबांनी जुन्या नकाशाचा नाद सोडला आणि जमीन जशी होती तशी मोजली. कोंडाजीचं शेत समुद्रातून परत आलं, देऊळ सुलटं झालं, किनारपट्टी शिवणीतून सुटली. चंद्राबाईची जमीन गेली. तिला त्याचं फार वाटलं नाही. बोंबील तोवर वाळून झाले होते. शिवदास भाऊसाहेबांची नोकरी राहिली, कारण नकाशा हरवला नव्हता, फक्त वाळत होता.

तिसऱ्या महिन्यात केसर बाळाला घेऊन दिवेआगरला गेली, गोधडीही गेली. नियमात वाळवण्याचं गाव लिहिलेलं नव्हतं. काळूरामला आता आठवड्यातून एकदा दिवेआगरला जावं लागे, आणि ठमाबाई नातवाला बघायला म्हणून बरोबर चाले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यापर्यंत वहीत एकच शब्द होता.

मग एका सकाळी ती दोघं पोचली तेव्हा पोर अंगणात एका माडापासून दुसऱ्या माडापर्यंत चालत होतं. पडवीत गोधडी पसरली होती. काळूराम खाली बसला. त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला, मग उलटून खालूनही फिरवला. त्याला वेळ लागला. ठमाबाई खांबाला धरून उभी राहिली. केसर आतून पाण्याचा लोटा घेऊन आली, तो तिने काळूरामसमोर ठेवला आणि तीही तिथेच थांबली.

"रात्री उठवून बाहेर नेते आता त्याला," ती अपराध्यासारखी म्हणाली. "दोन आठवडं झालं."

काळूरामने वही उघडली. पेन्सिल जिभेवर ओली केली. गोधडीच्या कडेला त्याच्या मुंडाशाचा हिरवा चौकोन होता, तो अजून बऱ्यापैकी हिरवा होता. त्याने लोटा उचलला, चालून आलेल्या माणसाला लागतं तेवढं पाणी प्याला, आणि उरलेलं पिवळ्या चौकोनावर ओतलं.

मग त्याने तळहात त्यावर दाबून पाहिला आणि लिहिलं: ओला.